अर्ध्या सुरानं चढलेलं जग

“नादकाट्याला मी विचारायचं नसतं, नादकाट्यानं मला विचारायचं.”

आउलिस होन्कावारा हे एकदाच बोलला, पण वार्काउस गावातल्या लोकांनी ते उचलून कायमचं त्याच्या अंगाला टाचून ठेवलं. तालीम संपली होती. सगळे कॉफीच्या थर्मासभोवती उभे होते, वेलदोड्याचे पाव फाडले जात होते. गाण्याच्या चमूत तेव्हा नवाच आलेला इल्पो, उंच आवाजाचा, पेशानं दातांचा डॉक्टर, त्यानं भाबडेपणानं विचारलं, की सूर देताना तू नादकाटा का वापरत नाहीस? नादकाटा म्हणजे पोलादाचा दोन दातांचा छोटा काटा. गुडघ्यावर आपटायचा, दांडी कानामागच्या हाडाला टेकवायची, की कवटीत एकच सूर वाजतो, पेटीवरची पांढरी सहा. शेजारच्याला ऐकूही जात नाही. बाकीचे सूर त्यावरून मोजून काढायचे. वाद्याशिवाय गाणाऱ्या कुणाच्याही खिशात तो सापडतो.

आउलिसच्या खिशात फक्त खाऱ्या काळ्या गोळ्या असत. प्रत्येक सूर जन्मापासून आपापल्या नावानिशी त्याच्या डोक्यात बसलेला होता. फ्रिज पांढऱ्या दोनमध्ये घुरघुरतो, कागदाच्या गिरणीचा भोंगा काळ्या एकच्या जरा खाली पडतो, शेजारणीचं झाडू मारायचं यंत्र कुठल्याच पट्टीत धड राहत नाही, हे त्याला विचार न करता कळायचं आणि विचार न करता तो ते बोलून दाखवायचा. अशा देणगीनं माणूस नम्र व्हावा नाहीतर वेडा तरी. आउलिसला तिनं तुच्छतेची नोकरी लावून दिली, पेन्शनसकट. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बायको, सिस्को, जंगलात बेरी वेचताना गुणगुणत होती. त्यानं मागं न बघता म्हटलं, “खाली जातेयस.” त्यानंतर सिस्को बेरी मुकाट्यानं वेचू लागली. स्वयंपाकघरातही मुकाट्यानंच. घरात शांतता आहे, याचा आउलिसला अभिमान होता.

पोटासाठी तो लोकांना गाडी शिकवायचा. अर्धं वार्काउस त्याच्या हाताखाली चालवायला शिकलं आणि त्यातल्या एकाही माणसाबद्दल त्याचं मत बरं नव्हतं. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटपुढं आउलिसच्या पायाशी वेगळा ब्रेक होता. शिकाऊ वळणावर घाबरला की आउलिसचा पाय हळूच खाली जायचा, गाडी समजूतदारपणे मंदावायची, आणि चालवणारा खूश व्हायचा, की वा, मी किती नीट वळलो. आउलिस खिडकीबाहेर बघत राहायचा. त्या खुशीचं त्याला हसूही यायचं नाही, नुसती किळस यायची.

चमूचं नाव काइस्ला, म्हणजे तळ्याकाठचं लव्हाळं. सहा जणांचा, वाद्य नाही, सहाही तोंडं वार्काउसचीच. सगळ्यात खालचा आवाज आउलिसचा. सगळ्यात वरचा तुइरेचा. ती वाचनालयात काम करायची आणि कुणे एके काळी आउलिसकडेच गाडी शिकली होती, म्हणून अजून त्याला ‘मास्तर’ म्हणायची आणि सगळ्या गावात ती एकटीच त्याला अहो-जाहो करायची. दातांचा इल्पो. उरलेले तिघे म्हणजे दोन बहिणी आणि एक वनरक्षक. त्यांच्याबद्दल एवढंच सांगता येईल, की गाताना ते तोंड उघडत आणि एरवी मिटून ठेवत.

गावाला असा चमू लागतोच. कुणी मेलं की थडग्यापाशी, गोठलेल्या मातीवर उभं राहून गायचं. कुणाला पन्नास वर्षं झाली की सकाळी दारात जाऊन गायचं. ज्यांना हे नको असतं ते पेपरात ‘प्रवासात आहे’ म्हणून छापतात आणि पडदे ओढून घरातच बसतात. काइस्ला त्यांच्याही दारात जाऊन गायची, आणि पडद्यामागचा पन्नाशीचा माणूस श्वास रोखून शेवटचं कडवं संपायची वाट बघायचा. आउलिसला हे काम आवडायचं. दार उघडत नाही असा श्रोता त्याला सगळ्यात सुसह्य वाटे. न आवडणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या. शहरातले नवे चमू तोंडानं ढोल वाजवतात, गालाला माइक चिकटवतात, हे त्याच्या लेखी गाणंच नव्हतं. “ज्याला ढोल हवा त्यानं ढोल विकत घ्यावा,” तो म्हणे. “थुंकी कशाला उडवायची?”

सूर द्यायचा एक ठरलेला रिवाज होता. प्रत्येक गाण्याआधी आउलिस अर्धं पाऊल पुढं यायचा, श्रोत्यांकडे पाठ करायचा, डोळे मिटायचा आणि तोंड बंद ठेवून एकेकाला त्याचा सूर द्यायचा. पाचही जण माना झुकवून तो घ्यायचे. त्या अर्ध्या पावलात आउलिसचं सगळं आयुष्य मावलं होतं, असं म्हटलं तर फार झालं नाही. गाडीत तो लोकांना सहन करायचा, घरी बायकोला. इथे मात्र पाच माणसं तोंड मिटून उभी असत आणि तो बोट दाखवेल तिथून जगाला सुरुवात होई.

साठी ओलांडली आणि जग चढू लागलं.

आधी रेडिओ चढला. लहानपणापासून ऐकलेलं गाणं एका सकाळी अर्ध्या सुरानं वर वाजायला लागलं. आउलिसनं चमचा खाली ठेवला आणि सिस्कोला सांगितलं, की आता हे लोक रेकॉर्डसुद्धा वेगात फिरवतात, लोकांना घाई झालीय म्हणून. मग चर्चच्या घंटा चढल्या. मग मोठा ऑर्गन. ऑर्गन जुळवणारा गडी भडकपणा आणायला मुद्दाम वर नेतो, असं आउलिसनं ठरवून टाकलं आणि त्या गड्याला बाजारात तोंडावर सांगूनही टाकलं. गडी टोपीशी चाळा करत म्हणाला, “तसंही असेल, नसेलही.” सावो मुलखात याचा अर्थ ‘तुझं डोकं फिरलंय’ असा होतो. आउलिस स्वतः सावोचा होता आणि हे त्याला कळायला हवं होतं.

शेवटी काइस्लाही चढली. तो नेटका, स्वच्छ सूर द्यायचा, आणि पहिल्याच ओळीला ते पाचही अर्ध्या सुरानं वर निघायचे, त्यालाही ओढत न्यायचे. एकाची चूक समजता येते, पण पाच जण एका मापानं चुकतात ते नुसत्या उथळपणानं, असं त्याचं निदान होतं.

“उकळलेल्या दुधासारखे वर येता,” गाणं संपलं की तो कॉफीवर म्हणायचा. “मी एवढा सूर दिला, तो कुठं गेला?”

“कुठं गेला कुणास ठाऊक,” इल्पो पाव चावत म्हणायचा.

“तुला कान आहेत ना?”

“आहेत की. जोडीनं आहेत.”

“मग त्यातून दात उपटत जा.”

सगळे खाली बघायचे. तुइरे त्याचा कप भरायची. “पुढच्या वेळी खाली राहतो हं मास्तर,” ती म्हणायची.

खरी गोष्ट एवढीच होती, की जग होतं तिथंच होतं. आउलिसचा कान म्हातारा झाला होता. ज्यांच्या डोक्यात सूर जन्मापासून बसलेले असतात, त्यांचं वय झालं की कधीकधी असं होतं. कानात येणारं सगळं अर्ध्या सुरानं वर ऐकू येतं आणि डोक्यातली नावं जिथल्या तिथं राहतात. आउलिस पांढरी सहा म्हणून जो सूर द्यायचा तो खरं म्हणजे काळी चार असायचा, अर्धा सूर खाली. आणि त्याला तो अगदी पांढरी सहाच ऐकू यायचा.

पाचांना हे तीन वर्षांपूर्वी कळलं, शाळेच्या जुन्या शिपायाच्या, हेइक्किलाच्या, अंत्यविधीला. त्या दिवशी त्यांनी आउलिसनं दिला तो सूर घेतला आणि वनरक्षकाचा आवाज थडग्यापाशी खाली खाली जात इतका तळाला गेला, की नुसती हवाच बाहेर आली. दुसऱ्या कुठल्याही मुलखात कुणी बोललं असतं. भांडण झालं असतं, दार आपटलं असतं, आठवड्याभरात सगळं निस्तरलं असतं. काइस्लानं काही म्हटलं नाही. आपापसातही नाही. पुढच्या वेळी आउलिसनं सूर दिला, तेव्हा तुइरेनं गळ्यातला लोकरी स्कार्फ सारखा केला, हलकंसं खोकली, आणि खोकल्याच्या शेपटाला अगदी बारीक आवाजात दुसरा सूर लावून टाकला. स्कार्फच्या घडीत नादकाटा होता. बाकीच्यांनी तुइरेचा सूर घेतला. त्यानंतर प्रत्येक वेळी हेच. अर्धं पाऊल, मिटलेले डोळे, आउलिसचा सूर, तुइरेचा खोकला, गाणं, कॉफी, शिव्या. शिव्याही ते पाची जण मुकाट गिळायचे, आणि मनातून स्वतःला फार भले समजायचे. या भलेपणाइतकं नीच काही मी तरी पाहिलेलं नाही. आंधळ्याला हात धरून रस्ता ओलांडून देणं ठीक. त्याला ‘तुला दिसतंय’ असं सांगून त्याच्याच मागं रांगेत चालायचं, हे काय आहे?

चमूला पंचवीस वर्षं होत होती. ख्रिसमसच्या आधीच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये कार्यक्रम ठरला. शेवटचं गाणं नवं बसवलेलं होतं. आधी बराच वेळ सहा आवाज एकटे, आणि मग त्याच सुरावर पाठीमागून ऑर्गन येणार. ऑर्गन वाजवायला मार्केत्ता होती. पश्चिमेकडच्या सपाट शेतांच्या मुलखातून नुकतीच बदलून आलेली, रुंद खांद्यांची बाई. त्या मुलखात माणसं वाक्याच्या सुरुवातीलाच वाक्य बोलून टाकतात.

“पहिला सूर मीच देते ऑर्गनवरून,” ती पहिल्याच भेटीत म्हणाली. “उगाच धोका नको.”

शिकाऊ माणसानं गाडी उलट्या गिअरमध्ये टाकल्यावर आउलिस जसं बघायचा, तसं त्यानं तिच्याकडे बघितलं. “पंचवीस वर्षं सूर मी देतोय. त्या शिट्ट्यांच्या कपाटाकडून सूर घ्यायचा असेल तर मी कशाला? ज्या दिवशी माझा सूर नको, त्या दिवशी मीही नको.”

“नाही नाही, तूच दे,” दोघी बहिणी एकदम म्हणाल्या.

“मास्तरच देणार,” तुइरे म्हणाली आणि स्कार्फ चाचपला.

रविवारी दुपारी चर्चमध्ये शेवटची तालीम झाली. बाहेर अंधार पडायला लागला होता, दारापाशी बुटांखालचा बर्फ वितळून काळं पाणी साचलं होतं. आउलिसनं अर्धं पाऊल पुढं येऊन सूर दिला. तुइरे खोकली. गाणं सुरू झालं, चढलं, आणि ठरल्या जागी माडीवरून ऑर्गन आला, तसाच चढलेला. सगळं एकमेकांत बरोबर बसलं. आउलिसनं हात वर केला.

“बंद करा. बंद! अहो बाई, हे काय वाजवताय?”

“जे लिहिलंय ते,” मार्केत्ताचा आवाज वरून आला.

“तुमचा ऑर्गन अर्ध्या सुरानं वर आहे. आणि ही पाच मेंढरं त्याच्या मागं गेलीयत. तो यायच्या आधीच!”

मार्केत्ता जिना उतरून खाली आली. “ऑर्गन जागेवर आहे. तू दिलास तो सूर खाली होता. मी वरून ऐकला. मग या बाईनं खोकून दुसरा दिला. मला वाटलं, तुमच्याकडे अशीच पद्धत असेल.”

इल्पो म्हणाला, “कॉफी घ्यायची का आधी?”

“नादकाटा आणा,” आउलिस म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तो मागितला, आणि मागताना त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव होता. पोलाद कुणाची भीड धरत नाही. ऑर्गन चढेल, रेडिओ चढेल, माणसं तर चढतातच. पोलादाच्या त्या दोन दातांना चढता येत नाही. “कुणाकडे आहे? कुणाकडेच नाही? पंचवीस वर्षांत एकानंही घेतला नाही?”

तुइरेनं स्कार्फच्या घडीतून काटा काढला. लोकरीत राहून तो गरम झाला होता.

आउलिसनं गुडघ्यावर आपटला, दांडी कानामागं टेकवली. काळी पाच. त्यानं भुवया आवळल्या, दांडीवर कोरलेलं सुराचं अक्षर दिव्याखाली धरून पाहिलं, दुसऱ्या गुडघ्यावर आपटला, दुसऱ्या कानामागं धरला. काळी पाच. पांढरी सहा असायला हवी होती तिथं काळी पाच, स्वच्छ, निर्लज्ज, अर्ध्या सुरानं वर.

“माझ्या मास्तरांचंही असंच झालं होतं,” मार्केत्ता म्हणाली. “साठीनंतर कान चढा ऐकतो. डोक्यात सूर बसलेले असतात त्यांना जास्त त्रास. यात लाजण्यासारखं काही नाही.”

आउलिस तिच्याकडे बघत नव्हता. तो स्कार्फकडे बघत होता.

“कधीपासून?”

“बाहेर फार निसरडं झालंय,” वनरक्षक म्हणाला. त्यानं तोंड उघडलं, ते यासाठी.

“तुइरे. कधीपासून खोकतेस?”

“हेइक्किलाच्या मातीपासून,” ती म्हणाली.

हेइक्किलाच्या थडग्यापाशी त्यानं वनरक्षकाला ‘रेड्याचा आवाज’ म्हटलं होतं. ते त्याला आठवलं. मग त्यानंतरची सगळी कॉफी आठवली, एकेक कप, आणि प्रत्येक कपाभोवती खाली घातलेल्या पाच माना. त्या मानांना तो शरमिंद्या समजत आला होता.

“आणि मी बोलत होतो ते ऐकून घेत होता? तीन वर्षं?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, मास्तर.”

“वाईट,” तो म्हणाला.

“तुम्ही नाही का आम्हाला शिकवताना हळूच ब्रेक दाबायचात? आम्हाला कळायचंसुद्धा नाही. आणि आम्ही पास झालो की.” तिनं हे मायेनं म्हटलं. तिला खरंच वाटलं, की यानं त्याला बरं वाटेल.

आउलिसला ती खिडकी आठवली, जिच्याबाहेर तो बघत राहायचा. वळण नीट घेतल्याच्या आनंदात शेजारी बसलेले ते सगळे मूर्ख, लाल गालांचे चेहरे. ती किळसही आठवली, जशीच्या तशी, फक्त आता ती उलट्या बाजूनं येत होती. त्यानं काटा कोटाच्या खिशात टाकला, काळ्या गोळ्यांत, आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसला. इल्पोनं त्याच्या शेजारी कॉफी ठेवली. ती तिथंच गार झाली.

संध्याकाळी चर्च भरलं. ओल्या लोकरीचा आणि मेणबत्त्यांचा वास. ज्यांनी पडद्यामागं श्वास रोखला होता तेही आले होते, आणि जे आउलिसकडून गाडी शिकले तेही, टोप्या मांडीवर घेऊन. गाणी आधीचीच होती, पाठ असलेली. त्या गाण्यांचे पहिले सूर तुइरेनं न खोकता, न विचारता देऊन टाकले. आउलिस रांगेत उभा राहून गात होता. अर्धं पाऊल तो एकदाही पुढं आला नाही.

मग शेवटचं गाणं आलं. तुइरेनं श्वास घेतला, पण ती सूर लावायच्या आधी आउलिस पुढं आला.

पाची जणांचे चेहरे पांढरे पडले. काटा त्याच्याकडे होता. तुइरेच्या स्कार्फमध्ये काही नव्हतं, पाठ असलेली गाणी तिनं सवयीवर निभावली होती, पण या नव्या गाण्यात त्यानं सूर दिल्यावर, त्याच्याविरुद्ध स्वतःच्या कानावर विसंबून दुसरा लावायची तिची छाती नव्हती. आता तो देईल तो सूर त्यांना घ्यावा लागणार होता, आणि सगळ्या गावादेखत, वरून ऑर्गन येईपर्यंत, त्याच्याबरोबर अर्धा सूर खाली उभं राहावं लागणार होतं. माडीवर मार्केत्ताचे हात पट्ट्यांवर थांबले होते. तिला एक सूर वाजवून टाकता आला असता. कुणी तिच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. इथली माणसं बुडतानाही हात हलवत नाहीत. लोक बघतील म्हणून.

आउलिसनं हे सगळं त्यांच्या चेहऱ्यांवर वाचलं. काळी चार त्याच्या तोंडात तयार होती, त्याला पांढरी सहा वाटणारी, आयुष्यभर जवळ बाळगलेली. ती दिली असती तर तीन वर्षांची एकेक कॉफी वसूल झाली असती. ओठ मिटून तो उभा राहिला. किती वेळ, ते त्या पाचांनाच विचारावं.

मग श्रोत्यांकडे पाठ न करता, तोंड लोकांकडेच ठेवून, त्यानं खिशातून काटा काढला. त्याला एक काळी गोळी चिकटली होती. ती त्यानं अंगठ्यानं झटकली. गुडघा वर घेऊन काटा आपटला आणि कानामागं टेकवला. तिसऱ्या ओळीतली एक बाई शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं कुजबुजली, “अगं, होन्कावाराला काटा लागायला लागला की. म्हातारा झाला.”

त्याच्या कवटीत काळी पाच वाजत होती. साफ चुकीची, हे त्याचं अंग न् अंग सांगत होतं. त्यानं तोच सूर, ऐकला तसाच, त्या पाचांना दिला. एकेकाला. त्यांनी माना झुकवून घेतला. या वेळी खोकला आला नाही.

गाणं सुरू झालं. इतरांना ते होतं तिथंच होतं. त्याला मात्र प्रत्येक शब्द परक्याच्या घरात, परक्याच्या खुर्च्यांवर बसल्यासारखा ऐकू येत होता, आणि त्यातून त्याला आपला खालचा आवाज पायाखालच्या फळीसारखा सरळ टाकत जायचं होतं. त्यानं तो टाकला. वनरक्षक घसरला, इल्पो डगमगला, तो हलला नाही. मग माडीवरून ऑर्गन आला आणि केसभरही न हलता त्यांच्यावर येऊन बसला. लोकांना काही कळलं नाही. कळण्यासारखं त्यांना कधीच काही नव्हतं. ते उठून उभे राहिले, टोप्या खाली पडल्या, टाळ्या झाल्या. बहिणी रडायला लागल्या. इल्पोनं हसून आउलिसच्या पाठीवर थाप मारली, अगदी पास झालेल्या शिकाऊ माणसाला मारावी तशी.

“बघा मास्तर,” तुइरे डोळे पुसत म्हणाली, “किती छान जमलं.”

आउलिसनं तिचा स्कार्फ हातानं सारखा केला, घडीत नादकाटा ठेवला आणि वर घडी घालून दिली. दुसऱ्या बाकावर सिस्को बसली होती. ती अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. बाहेरचा जाडा कोट न घालता आउलिस मधल्या वाटेनं निघाला. लोक त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत राहिले. दारापाशी कॉफीच्या मोठ्या किटल्या आणि वेलदोड्याचे पाव मांडलेले होते. त्यांच्या शेजारून, बुटांखालच्या काळ्या पाण्यातून, तो बाहेर पडला.